लिव्हर फंक्शन टेस्टचं पॅकेज: दुखणं हृदयाचं असेल तेव्हा किती कामाचं?

एसजीपीटी या यकृताच्या एंझाइमचा आकडा ३,९०० आला (नॉर्मल मर्यादा ४० च्या आसपास) की घरात, आणि बऱ्याचदा दवाखान्यातही, पहिला शब्द निघतो तो कावीळ. मग व्हायरसच्या तपासण्या, पथ्यपाणी, लिव्हरच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट. तोवर रुग्णाचे हातपाय गार पडलेले असतात, लघवी कमी झालेली असते, मानेची शीर फुगलेली असते, आणि तिकडे बघायला कुणाला सवड नसते. हृदयाचं पंपिंग एकाएकी ढासळलं की यकृताला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि त्याच्या पेशी मरतात. ही इजा कागदावर हुबेहूब तीव्र हेपटायटिससारखी दिसते. पुस्तकात तिला हायपॉक्सिक हेपटायटिस म्हणतात, आयसीयूत शॉक लिव्हर. या एका प्रसंगात एलएफटी, म्हणजे लिव्हर फंक्शन टेस्ट, नावाचं सगळीकडे मिळणारं पॅकेज किती उपयोगी पडतं, एवढंच इथे बघायचं आहे. बाकीच्या आजारांतली त्याची कामगिरी वेगळी, तिचे गुण इथे धरलेले नाहीत.

थोडक्यात मत असं: धोक्याची घंटा म्हणून उत्तम, निदानासाठी अपुरं, आणि एकाच रिपोर्टवर विसंबलात तर चुकीच्या दारात नेऊन सोडणारं. त्यात भर म्हणजे, या प्रसंगात सर्वांत जास्त बोलणाऱ्या दोन तपासण्या, एलडीएच (पेशी फुटल्यावर रक्तात सांडणारं आणखी एक एंझाइम) आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ), पॅकेजमध्ये बहुधा नसतातच.

पॅकेजमध्ये असतं ते हे: बिलिरुबिन (टोटल, डायरेक्ट, इनडायरेक्ट), एसजीओटी, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फेटेज, टोटल प्रोटीन, अल्बुमिन, ग्लोब्युलिन आणि त्यांचं गुणोत्तर. काही लॅब जीजीटी हे आणखी एक एंझाइम जोडतात. यादी लांबलचक दिसते, पण हृदयामुळे झालेल्या तीव्र इजेत पहिल्या दोन दिवसांत त्यातले दोनच आकडे, एसजीओटी आणि एसजीपीटी, खरं काम करतात.

ते का, हे कळायला यकृताचा रक्तपुरवठा माहीत हवा. हृदयातून दर मिनिटाला निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाव हिस्सा यकृताकडे जातो. त्यातलं पाऊण रक्त पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्यांनी आपला वाटा काढून घेतल्यावर येतं, उरलेलं यकृताच्या धमनीतून. प्राणवायू मात्र दोन्हीकडून जवळपास निम्मा-निम्मा येतो. पोर्टलचा ओघ आटला तर धमनी रुंद होऊन काही अंशी भरपाई करते, शिवाय यकृताच्या पेशी आलेल्या रक्तातून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू ओढून घेऊ शकतात. म्हणूनच धडधाकट हृदयाच्या माणसाचं बीपी अपघातातल्या रक्तस्रावाने काही वेळ पडलं, तरी यकृत सहसा तग धरतं.

गाडं अडतं ते यकृत आधीच तुंबलेलं असताना. उजव्या बाजूचं हृदय थकलेलं असतं, यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांमध्ये दाब चढलेला असतो, आणि त्यावर पंपिंग कोसळतं. कारण काहीही असू शकतं: मोठा हार्ट अटॅक, ठोक्यांची लय बिघडून नाडी १६० वर जाणं, हृदयाभोवती पाणी साठून ते दाबलं जाणं, फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकणं. मागून तुंबारा आणि पुढून ओघ बंद, अशा कात्रीत यकृताच्या प्रत्येक लोब्यूलच्या (यकृत ज्यांचं बनलेलं असतं त्या बारीक घटकाच्या) मधोमध, शिरेला लागून असलेल्या पेशी सापडतात. प्राणवायू त्यांच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोचतो, त्यामुळे मरतातही त्याच आधी. हे लक्षात घेतलं तर एक नेहमीचा युक्तिवाद आपोआप बाद होतो: ‘बीपी तर एकदाही पडलं नव्हतं, मग शॉक लिव्हर कसं?’ अशा रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत शॉकची नोंद सापडतच नाही. चार्टवर बीपी ११० दिसत असतानाही यकृत उपाशी असू शकतं.

आता आकड्यांकडे. एसजीओटी आणि एसजीपीटी ही एंझाइम पेशीच्या आत राहतात. पेशी फुटली की रक्तात सांडतात. यकृत किती काम करतंय हे त्यांवरून कळत नाही, किती पेशी गेल्या याचा अंदाज येतो. निदानाची रूढ अट आहे वरच्या मर्यादेच्या किमान वीसपट वाढ. लॅबची मर्यादा ४० असेल तर ८०० च्या पुढे. सोबत हृदय, रक्ताभिसरण किंवा श्वसन बिघडल्याचा स्पष्ट प्रसंग हवा आणि व्हायरस, औषधं वगैरे दुसरी कारणं वगळलेली हवीत. तिन्ही गोष्टी जुळल्या तर यकृताचा तुकडा काढून तपासायची गरज उरत नाही.

या दोन आकड्यांची खरी किंमत कळते ती पाठोपाठच्या रिपोर्टमध्ये. नमुन्यादाखल एक मालिका बघा. पहिल्या दिवशी एसजीओटी ६,२००, एसजीपीटी ३,९००. तिसऱ्या दिवशी एसजीओटी १,१००, एसजीपीटी २,०५०. आठव्या दिवशी एसजीओटी ५० च्या आसपास, एसजीपीटी ३२० च्या आसपास. सुरुवातीला एसजीओटी वरचढ होता, तिसऱ्या दिवशी एसजीपीटीने त्याला मागे टाकलं. यात गूढ काही नाही. रक्तातून निम्मा एसजीओटी साधारण १७ तासांत नाहीसा होतो, निम्म्या एसजीपीटीला साधारण ४७ तास लागतात. रक्तपुरवठा पूर्ववत झाला आणि नव्या पेशी मरायच्या थांबल्या, की दोन्ही आपापल्या चालीने उतरतात. एवढा उंच सुळका आणि इतकी झपाट्याची उतरण व्हायरल हेपटायटिसमध्ये सहसा दिसत नाही, तिथे आकडे आठवडे-आठवडे रेंगाळतात. उलट, इथे ७२ तासांत आकडे निम्म्याच्याही खाली आले नाहीत, तर एकतर हृदयाचा प्रश्न अजून सुटलेला नाही किंवा निदान चुकतंय.

एकच रिपोर्ट हातात असेल तर ही चाल दिसतच नाही. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा रक्त काढलं असतं तर हजार-दोन हजारांच्या आसपासचे आकडे आणि एसजीपीटी जास्त, म्हणजे अगदी व्हायरल हेपटायटिसचं चित्र मिळालं असतं. पॅकेजची सर्वांत मोठी उणीव हीच: ते एकेकटं विकलं जातं, आणि या आजारात एकट्याला अर्थ नाही. पहिल्या दिवशी दर १२ तासांनी, मग आकडे ठळकपणे उतरेपर्यंत रोज एकदा, आणि नंतर आठवड्याने एकदा, असं करून घेतलं तर याच पॅकेजची किंमत कितीतरी वाढते.

एसजीओटीबद्दल आणखी एक सावधगिरी. हे एंझाइम हृदयाच्या आणि हातापायांच्या स्नायूंतही भरपूर असतं. १९५४ मध्ये ते रक्तात मोजून हार्ट अटॅक ओळखता येतो असं दाखवलं गेलं, आणि ट्रोपोनिन ही हार्ट अटॅकची आजची तपासणी येण्याच्या कितीतरी आधी ते हृदयाची तपासणी म्हणून वापरात होतं. त्यामुळे अटॅकनंतर एसजीओटी ३०० आणि एसजीपीटी ४५ असा रिपोर्ट आला तर यकृताला दोष देऊ नये, ते हृदयाच्याच स्नायूचं सांडलेलं आहे. छाती दाबून सीपीआर दिला असेल, छातीवर विजेचे शॉक दिले असतील, रुग्ण बराच वेळ एकाच कुशीवर पडून राहिला असेल, तर स्नायूंचीही भर पडते. सोबत सीपीके हे स्नायूंचं एंझाइम मोजलं की हिशेब लागतो.

बाकीच्या रांगा पटकन उरकता येतील. अल्कलाइन फॉस्फेटेज या इजेत जवळपास जागचं हलत नाही, आणि त्याचं न हलणं हीच त्याची उपयुक्तता. ते ठळक वाढलेलं असेल आणि उजव्या बरगडीखाली कळा असतील तर पित्तनलिकेतला खडा आठवावा. नलिकेत खडा अडकल्यावरही एसजीपीटी हजारापर्यंत उडी मारून दोन-तीन दिवसांत उतरू शकतो, त्यामुळे सोनोग्राफी टाळू नये. अल्बुमिन इथे बिनकामाचं. त्याचं अर्धायुष्य तीन आठवड्यांच्या घरात आहे. आज कमी दिसलं तर ते जुन्या आजाराचं, सूजेचं किंवा भरपूर सलाईन दिल्याचं द्योतक, कालच्या घटनेचं नाही. ग्लोब्युलिन आणि ते गुणोत्तर तर बिलाची लांबी वाढवायलाच आहेत असं वाटतं.

बिलिरुबिन जरा फसवं आहे. सुरुवातीला ते नॉर्मल किंवा किंचित वाढलेलं असतं. एंझाइम उतरायला लागतात आणि नेमकं तेव्हाच बिलिरुबिन चढायला लागतं. नातेवाईक घाबरतात, पण रक्त गोठण्याची वेळ सुधारत असेल आणि रुग्ण शुद्धीत, हुशारीत असेल तर एक-दोन दिवसांची ही चढण चालते. एंझाइम उतरतायत, बिलिरुबिन चढतंय आणि आयएनआरही (रक्त गोठण्याच्या वेळेचा प्रमाणित आकडा) चढतोय, हे मात्र सुधारणेचं चित्र नव्हे. तिथे एंझाइम कमी होतायत ते सांडायला पेशीच उरल्या नाहीत म्हणून. नुसता एसजीपीटी ‘छान खाली आला’ म्हणून निर्धास्त होणं हा या पॅकेजमुळे होणारा सर्वांत घातक गैरसमज आहे, आणि पॅकेजमध्ये आयएनआर नसल्यामुळेच तो होतो.

म्हणून प्रोथ्रॉम्बिन टाइम आणि आयएनआर वेगळे मागावेच लागतात. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतात तयार होतात, आणि त्यातला सातव्या क्रमांकाचा घटक जेमतेम सहा तासांत निम्मा होतो. यकृताचं काम थांबलं की आयएनआर एका दिवसात बोलायला लागतो, आणि रक्तपुरवठा सुधारला की तसाच लवकर उतरतो. यात एक अडचण आहे. हृदयाचे बरेच रुग्ण आधीच वॉरफरिन किंवा तत्सम रक्त पातळ करणारी गोळी घेत असतात. आयएनआर ५ आला तर त्यात गोळीचा वाटा किती आणि यकृताचा किती? गोठवण्याचा पाचवा घटक वॉरफरिनमुळे कमी होत नाही, कारण तो व्हिटॅमिन के वर अवलंबून नाही. तो कमी आला तर संशय यकृतावर, नॉर्मल आला तर गोळीवर. ही तपासणी सगळीकडे होत नाही. तिथे व्हिटॅमिन के देऊन आयएनआर किती उतरतो ते बघतात. आणि कारण कुठलंही असो, यकृत दुखावलेलं असताना वॉरफरिनचा नेहमीचा डोसही जास्त ठरतो.

दुसरी राहिलेली तपासणी एलडीएच. पेशींना प्राणवायू न मिळाल्याने झालेल्या इजेत एलडीएच सुरुवातीलाच प्रचंड वाढतं, बऱ्याचदा एसजीपीटीपेक्षाही वर जातं. वरच्याच नमुन्यात पहिल्या दिवशी एलडीएच ७,४०० धरा. ३,९०० भागिले ७,४०० म्हणजे ०.५३. एसजीपीटी आणि एलडीएचचं गुणोत्तर १.५ च्या खाली असेल तर पारडं व्हायरसच्या विरुद्ध झुकतं, व्हायरल हेपटायटिसमध्ये ते सहसा बरंच वर असतं. मात्र पॅरासिटामॉलच्या विषबाधेतही हे गुणोत्तर कमी येऊ शकतं, तिथे त्याचा भरवसा धरू नये. शिवाय एलडीएच तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत बरंच ओसरतं. पहिल्याच सॅम्पलमध्ये ते मागितलं नाही, तर नंतर मागून फारसा फायदा नाही. कृत्रिम झडप असलेल्या रुग्णात तांबड्या पेशी फुटूनही एलडीएच वाढतं, तेही ध्यानात असावं.

लॅबच्या बाजूने काय बिघडतं, हे रिपोर्टवर कधीच छापलेलं नसतं. गार पडलेल्या, सुजलेल्या हातातून ओढाताण करून रक्त काढलं की तांबड्या पेशी फुटतात. मग एसजीओटी, एलडीएच आणि पोटॅशियम तिन्ही खोटे वाढतात, एसजीपीटीला त्यामानाने कमी फटका बसतो. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर पुन्हा सॅम्पल द्यावं. एलडीएचचं सॅम्पल फ्रिजमध्ये ठेवू नये. यकृतातून येणारा त्याचा प्रकार थंडीत टिकत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. प्रोथ्रॉम्बिनची निळ्या टोपणाची सायट्रेटची ट्यूब खुणेपर्यंत भरायला हवी, म्हणजे नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट. निम्मीच भरली तर आयएनआर विनाकारण वाढलेला दिसतो. सर्वांत चमत्कारिक दोष मशिनमधला. एसजीओटी अफाट असेल तर तपासणीच्या द्रावणातलं एनएडीएच हे रसायन मोजणी सुरू व्हायच्या आधीच संपून जातं आणि आकडा चक्क कमी दाखवला जाऊ शकतो. चांगली मशिन तसा इशारा देतात आणि सॅम्पल पातळ करून पुन्हा चालवतात. रिपोर्टवर ‘१,००० पेक्षा जास्त’ असं लिहून लॅब मोकळी झाली असेल, तर सॅम्पल पातळ करून नेमका आकडा द्या असं सांगावं. नेमका आकडा नसेल तर उतरण कशावरून मोजणार?

पॅकेज कारण सांगत नाही, हा दोष नव्हे, ते त्याचं कामच नाही. पण कारण शोधताना काय विसरलं जातं हे सांगायला हवं. पहिलं, शिरेतून दिलेलं अमिओडॅरोन. लय बिघडली म्हणून ते द्यायचं आणि २४ तासांत एसजीपीटी हजारांत जायचा, असं घडतं. त्याच वेळी पंपिंगही खालावलेलं असतं, त्यामुळे दोष औषधाचा की हृदयाचा हे सांगणं कठीण होतं. औषध सुरू केल्याची वेळ आणि एंझाइमच्या प्रत्येक सॅम्पलची वेळ तासासकट लिहून ठेवली तरच उलगडा होतो. दुसरं, पॅरासिटामॉल. ताप, अंगदुखी म्हणून घरी किती गोळ्या झाल्या हे नीट विचारावं, वेगवेगळ्या नावांच्या सर्दीच्या गोळ्यांतही तेच असतं. शंका असेल तर रक्तातली पातळी पाठवावी आणि एन-ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा सुरू करायला रिपोर्टची वाट बघू नये. तिसरं, व्हायरस. हेपटायटिस ए आणि ई चे आयजीएम (ताज्या संसर्गाच्या अँटिबॉडी), हेपटायटिस बी साठी एचबीएसएजी, हेपटायटिस बी कोअरचं आयजीएम आणि हेपटायटिस सी, एवढं एकदा करून विषय संपवावा.

त्याच सुईत आणखी काय मागावं? क्रिएटिनिन नक्की. यकृत आणि किडनी एकाच वेळी उपाशी राहतात, त्यामुळे एसजीपीटीबरोबर क्रिएटिनिनही चढलं असेल तर बोट हृदयाकडेच जातं. सोबत लॅक्टेट (पेशींना प्राणवायू कमी पडल्याची खूण), ट्रोपोनिन, बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारं), सोडियम-पोटॅशियम. आणि साखर. यकृतातला साखरेचा साठा आणि नवी साखर बनवण्याची क्षमता दोन्ही घटतात, त्यामुळे साखर अचानक पडू शकते. गुंगी आली तर ती यकृतामुळेच असेल असं गृहीत धरण्यापूर्वी ग्लुकोमीटर लावावं, आणि आयएनआर चढलेला असेपर्यंत दर दोन ते चार तासांनी लावत राहावं. ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) त्याच दिवशी. सोनोग्राफी करणाऱ्याला पोटातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या खालच्या महाशिरेचं माप घ्यायला सांगावं. ती २.१ सेंटिमीटरपेक्षा रुंद आणि श्वास आत घेताना निम्म्यानेही आक्रसत नसेल, तर उजव्या बाजूचा दाब चढलेला आहे. हे दोन मिनिटांचं माप अख्ख्या एलएफटीपेक्षा जास्त दिशा देतं.

हृदयाच्या दुसऱ्या, संथ प्रकारच्या तुंबण्यात हे पॅकेज आणखी कमी पडतं. महिनोन्महिने उजवी बाजू थकलेली असेल तर एसजीपीटी जेमतेम दोन-तीनपट, बिलिरुबिन बहुधा ३ च्या आत, जीजीटी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज थोडे वर. रिपोर्टवरून फॅटी लिव्हर म्हणून सोडून देतील असं ते चित्र. पण तीव्र इजेची पूर्वतयारी इथेच झालेली असते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचा असा जुना रिपोर्ट फाइलमध्ये असेल तर तो नव्या रिपोर्टला टाचून द्यावा.

उपचारांसाठी पॅकेजचा उपयोग एवढाच की उपाय लागू पडतोय का ते कळतं. यकृतासाठी वेगळं औषध नाही, लिव्हर टॉनिकची बाटली इथे शोभेची. पंपिंग सावरणं, लय ठीक करणं, बंद धमनी उघडणं, हृदयाभोवतीचं पाणी काढणं, प्राणवायू देणं, हाच यकृताचाही इलाज. सलाईनचा निर्णय फार जपून घ्यावा लागतो. एंझाइम वाढले, रक्त कमी पडतंय, म्हणून बाटल्या चढवल्या आणि उजवी बाजू आधीच तुंबलेली असेल, तर यकृतातला दाब आणखी चढतो. अशा वेळी लघवीचं औषध द्यावं लागतं, आणि त्याने एसजीपीटी उतरलेला बघून नवख्या डॉक्टरांना आश्चर्य वाटतं. हॉस्पिटलमधून घरी परतणाऱ्यांचं प्रमाण जवळपास निम्मं आहे. जे दगावतात ते बहुतेक मूळ आजाराने, निव्वळ यकृत निकामी झाल्याने क्वचितच.

रुग्णाच्या बाजूने बघता: धाप, पायांवर सूज, छातीत दुखणं, चक्कर, लघवी कमी होणं यांपैकी काही असताना एसजीपीटी हजारांत आला, तर तो रिपोर्ट घेऊन सकाळच्या ओपीडीची वाट बघू नये. त्याच वेळी कॅज्युअल्टीत जावं, आणि तिथे रिपोर्ट दाखवताना चालू गोळ्यांची यादी, शेवटची रक्त पातळ करणारी गोळी कधी घेतली ती वेळ आणि जुना इको रिपोर्ट सोबत ठेवावा. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, घेत असाल तर सगळं खापर तिच्यावर फोडून ती स्वतःहून कायमची बंद करू नका. एंझाइम उतरेपर्यंत थांबवायची की नाही आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे हृदयाचे डॉक्टर रिपोर्टची मालिका बघून ठरवतील.

गुण: घंटा वाजवण्यासाठी ५ पैकी ५, हृदयाकडे बोट दाखवण्यासाठी ५ पैकी २. एलडीएच, आयएनआर आणि क्रिएटिनिन जोडून २४ तासांत दोनदा केलं तर ५ पैकी ४. उरलेला एक गुण इकोचा.